कानाला पुढची तारीख

नाकाच्या मागच्या भागातून कानाच्या पोकळीकडे एक नळी जाते. मोठ्या माणसात ती साधारण 36 मिलिमीटर लांब असते, काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोडी आखूड. एरवी मिटलेली. आवंढा गिळला, जांभई दिली की क्षणभर उघडते, कानात थोडी हवा सोडते आणि पुन्हा मिटते. घाट चढताना कानात दडे बसतात आणि गिळल्यावर सुटतात, ते हिचंच काम. लहानपणी सर्दीत फुटलेला कान पुढे वर्षानुवर्षं वाहत राहतो, त्यातही पुष्कळदा हिचा हात असतो. नाव युस्टेशियन ट्यूब. पेशंटला सांगताना डॉक्टर फक्त ‘नाकाकानाची नळी’ म्हणतात आणि त्यात सगळं येतं.

2020 साली गावोगावी स्वॅब घ्यायला माणसं तयार करावी लागली, तेव्हा शिकवण्याचं काम बरंचसं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे आलं. काडी वर, डोळ्यांच्या दिशेने न्यायची नाही. नाकाच्या तळावरून आडवी, कानाच्या दिशेने सरकवायची. किती आत? नाकपुडीपासून कानाच्या भोकापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढी. मग काही सेकंद थांबून हळूहळू फिरवत बाहेर. शिकवणाऱ्याला माहीत होतं की काडीचं टोक जिथे टेकतं, तिथेच शेजारी या नळीचं तोंड आहे. विषाणू टोकावर सापडत असेल तर नळीतून वर, कानाच्या अस्तरात का नसेल? अस्तर तर एकच, नाकापासून कानामागच्या हाडापर्यंत सलग पसरलेलं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कोविडने गेलेल्या तीन जणांचे कान तपासले गेले. जुलै 2020 मध्ये निष्कर्ष छापून आला: तिघांपैकी दोघांच्या मधल्या कानात किंवा मॅस्टॉइड या कानामागच्या हाडात विषाणू होता. तीन ही संख्या फार छोटी, पण कानाच्या सर्जनला हात आखडता घ्यायला ती पुरेशी होती.

कारण त्याचं मुख्य अवजार ड्रिल.

कानामागचं हाड भरीव नसतं. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे हवेचे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्याला आतून श्वासमार्गाचं ते पातळ अस्तर. कोलेस्टिआटोमा नावाची कातडीची गाठ आत शिरून हाड खात असेल, तर हे कप्पे कोरून मोकळे करावे लागतात. पेशंटच्या भाषेत ‘हाडाला कीड लागलीय’. कोरायला पेनासारखा हँडपीस आणि त्याच्या टोकाला गोल बर: वरचं टणक हाड कापायला दातेरी, आणि चेहऱ्याच्या नसेजवळ किंवा मेंदूच्या आवरणाजवळ हिऱ्याची पूड लावलेला. आपल्याकडच्या साध्या मायक्रोमोटरचा बर मिनिटाला 30 ते 40 हजार फेरे घेतो, महागडी यंत्रं 80 हजारांपर्यंत जातात. वरून सलाइनची सतत धार. हाडाचा भुगा, रक्त, पाणी आणि अस्तराचे तुकडे एकत्र घुसळून त्यांचा फवारा उडतो. मोठे थेंब सर्जनच्या छातीवर, मायक्रोस्कोपच्या भिंगावर, सिस्टरच्या हातावर बसतात. पाच मायक्रॉनहून बारीक कण बसतच नाहीत, हवेत तरंगत राहतात. 2020 मध्ये बऱ्याच ठिकाणी मृतदेहांवर, पाण्यात फ्लोरेसिन हे चमकणारं द्रव्य मिसळून ड्रिल चालवून पाहिलं गेलं. निळ्या दिव्याखाली सगळा पसारा उजळून दिसला. इतकी वर्षं हा फवारा साध्या मास्कवर घेऊन माणसं उभी होती, हे त्या दिव्याने दाखवलं.

मग वेग कमी करा, पाणी कमी करा, असा सल्ला सहज सुचतो. तो चालत नाही. कमी वेगात बर हाड कापत नाही, त्यावरून घसरतो. घसरू नये म्हणून हात दाब वाढवतो, आणि दाबून धरलेला बर सटकला की थेट आत जातो. मोठ्या माणसात वरच्या पृष्ठभागापासून अँट्रम हा मुख्य कप्पा जेमतेम दीड सेंटिमीटर खोल. त्याच्या वर मेंदूचं आवरण, मागे मोठी रक्तवाहिनी, पुढे-खाली चेहऱ्याची नस. पाणी कमी केलं तर हाड तापतं आणि त्या उष्णतेनेही नस दुखावते. म्हणजे ड्रिल चालवायचं तर फवारा येणारच. तो अडवता येईल, बंद करता येणार नाही.

अडवायला निघाला प्लास्टिकचा तंबू. मायक्रोस्कोपच्या भिंगाभोवती दीडेक मीटरचं पारदर्शक प्लास्टिक बांधायचं, मधोमध कापलेलं भोक भिंगाच्या कडेला चिकटपट्टीने बंद करायचं, आणि बाकीचं पेशंटच्या डोक्यावरून खाली सोडायचं. सर्जनचे हात कडेखालून आत. आत आणखी एक सक्शन नुसतं हवा ओढायला. ड्रिल संपल्यावर लगेच तंबू उचलायचा नाही, दहा-पंधरा मिनिटं सक्शन चालू ठेवायचं. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात मायक्रोस्कोपच्या दिव्याने आतली हवा तापते, प्लास्टिकला घाम फुटतो, भिंगावर थेंब साचतात आणि ते पुसायला हात पोहोचत नाही. सिस्टरने अवजार द्यायचं तर दर वेळी कड उचलावी लागते. आणि प्लास्टिक सैल राहिलं तर फिरता बर ते ओढून गुंडाळून घेतो. म्हणून घडी घातलेलं जादा प्लास्टिक ड्रिलच्या बाजूला कधीच ठेवायचं नाही, ही गोष्ट प्रत्येक ऑपरेशन थिएटर बहुधा एकेकदा फजिती होऊनच शिकली असेल.

पीपीई किटबद्दल खूप लिहिलं गेलंय, पण कानाच्या सर्जनची अडचण इतरांहून वेगळी होती. मायक्रोस्कोपच्या आयपीसला डोळा अगदी जवळ आणला तरच पूर्ण गोल दिसतो. मध्ये गॉगल आला की डोळा एक-दीड सेंटिमीटर मागे राहतो आणि दृश्य चावीच्या भोकातून पाहिल्यासारखं आक्रसतं. फेसशील्ड तर आयपीसवर आपटतंच. रबरी कप काढून टाकणं, चपट्या काचेचा गॉगल घेणं, मास्कची वरची कड नाकावर चिकटपट्टीने बंद करणं म्हणजे श्वासाची वाफ वर येत नाही, असले उपाय. ज्या जागेत स्टेपीस हे जेमतेम तीन मिलिमीटर उंचीचं हाड शोधायचं, तिथे धुक्यातून पाहायचं!

आणि हे सगळं सोलापूरच्या मे महिन्यात. इथला पारा 42-43 अंशांवर रेंगाळतो, दुपारी डांबर मऊ होतं. ऑपरेशन थिएटरची हवा बाहेर ढकलणारा पॉझिटिव्ह प्रेशर अनेक ठिकाणी बंद ठेवला होता, एसी बंद किंवा मंद. हवा किती वेळाने स्वच्छ होते याचा हिशोब ठरलेला आहे: तासाला 12 वेळा हवा बदलत असेल तर 99 टक्के कण जायला 23 मिनिटं, 6 वेळा बदलत असेल तर 46. म्हणजे दोन ऑपरेशनांच्या मध्ये पाऊण तास रिकामी खोली. जिथे दिवसाला चार कान व्हायचे तिथे दोन होऊ लागले. बंद गाऊनमध्ये दोन तास उभं राहिल्यावर हातमोजा पालथा केला की त्यातून घाम ओघळायचा. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे दर वेळी अंघोळ करूनच घरात शिरायचं, हाही एक वेगळाच जमाखर्च होता.

भुलीचा प्रश्न वेगळा. पूर्ण भूल द्यायची तर श्वासनलिकेत नळी घालताना आणि काढताना, दोन्ही वेळा खोकल्याचा फवारा. म्हणून बरेच जण पुन्हा लोकलकडे, म्हणजे फक्त कान बधिर करण्याकडे वळले. महाराष्ट्रात कानाची ऑपरेशनं लोकलमध्ये करायची जुनीच सवय आहे: 2 टक्के लिग्नोकेनमध्ये अ‍ॅड्रेनलिन, कानामागे आणि कानाच्या बाहेरच्या नळीत चार ठिकाणी. अ‍ॅड्रेनलिनसह लिग्नोकेनची मर्यादा किलोला 7 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला फार तर 21 मिलिलिटर. यात घसा वाचतो, पण पेशंट जागा असतो, चादरीखाली मास्क लावून दोन तास श्वास घेतो, आणि ड्रिलचा आवाज हाडातून थेट त्याच्या आतल्या कानात जातो. त्यातून तो खोकला तर? दोन्हींत धोका आहे, फक्त कधी आणि किती वेळ हा फरक. माझ्या मते शांत पेशंट आणि तासाभराचं काम असेल तर लोकल चांगली. मॅस्टॉइडचं मोठं ऑपरेशन आणि घाबरलेला माणूस असेल तर तो हट्ट सोडावा.

काहींनी ड्रिल बाजूला ठेवून छिन्नी-हातोडी काढली. जुन्या पिढीच्या सर्जनना ती वापरता येते, नव्यांनी ती कपाटात पाहिलेली असते. कानाच्या बाहेरच्या नळीच्या वरची थोडी हाडाची कड छिन्नीने किंवा क्युरेटने, म्हणजे खरवडायच्या अवजाराने काढून छोटा कोलेस्टिआटोमा निघतो, मोठा निघत नाही. एंडोस्कोपला, म्हणजे कानात घालायच्या दुर्बिणीला या काळात बरे दिवस आले. मॉनिटरच्या पडद्याकडे पाहून काम करता येतं, गॉगलची अडचण नाही, पण एक हात दुर्बिणीत अडकतो आणि रक्त पुसायला दुसरा हात उरत नाही.

पण मुळात 2020 मध्ये ऑपरेशन होणं हाच अपवाद होता. मार्चच्या शेवटी लॉकडाऊन लागला, एप्रिलमध्ये सोलापुरात पहिला रुग्ण सापडला, आणि ‘ज्याने जीव जात नाही ते नंतर’ असा सरसकट नियम झाला. कानाने सहसा जीव जात नाही. त्यामुळे कानाला पुढची तारीख मिळाली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना भीती वाटायला कारणंही होती. 28 मार्च 2020 ला इंग्लंडमध्ये बर्टनच्या रुग्णालयातले कान-नाक-घसा तज्ज्ञ अमजद अल-हवरानी कोविडने गेले. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने आरोग्य कर्मचाऱ्यांना बचावासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुचवलं होतं, पहिल्या दिवशी 400 मिलिग्रॅम दोनदा, मग सात आठवडे आठवड्याला 400. क्वचित का होईना, या गोळीने कान वाजतात आणि ऐकू कमी येतं, हे कानाच्या डॉक्टरएवढं कुणाला ठाऊक असणार! तरी अनेकांनी ती घेतली.

कानाच्या पडद्याला कोरडं भोक असेल तर वर्षभर थांबायला हरकत नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही एवढंच. उलट घाईने पडदा लावला आणि आठवड्याभरात पेशंटला कोविडचा खोकला लागला, तर त्याच नाकाकानाच्या नळीतून हवा वर दाबली जाऊन लावलेला पडदा उचलला जातो. थांबणं तिथे शहाणपणाचंच. थांबता येत नव्हतं ते वेगळं: कानामागे सूज येऊन पू साठलेला, चेहरा वाकडा झालेला, डोकेदुखी आणि उलट्यांसह वाहणारा कान, मुलाच्या कानात अडकलेला घड्याळाचा बटण सेल. सेल काही तासांत कातडी आणि पडदा जाळतो, आणि त्यात ड्रॉप टाकले तर आणखी वेगाने. अचानक एका कानाने ऐकू येणं बंद झालं तर दोन आठवड्यांच्या आत स्टेरॉइड मिळायला हवं. किलोला 1 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, जास्तीत जास्त 60. ‘गाड्या सुरू झाल्या की जाऊ’ म्हणणाऱ्यांचे हे दोन आठवडे घरातच संपले.

या दोन टोकांच्या मध्ये होता कोलेस्टिआटोमा. तो दुखत नाही. महिन्याला किती वाढतो ते कुणी सांगू शकत नाही. बाहेरून पाहिलं तर नुसता थोडा वाहणारा कान. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट, पलीकडच्या तुळजापूर आणि इंडीहून माणसं सोलापूरला येतात. जिल्ह्याच्या सीमा बंद, पास मिळेना, म्हणून सगळं फोनवर आलं. फोनवर कान दिसत नाही. मोबाइलचा कॅमेरा कानाच्या भोकापाशीच थांबतो. तेव्हा प्रश्न विचारायचे. पू पातळ, लोंबणारा, पुष्कळ आहे की थोडासा घट्ट? उशीच्या अभ्र्याला वास येतो का? कानाच्या पुढचा उंचवटा दाबला तर गरगरतं का? तोंड धुताना चूळ एका बाजूने सांडते का? पुष्कळ आणि बिनवासाचा कान थांबू शकतो. थोडा पण कुबट वास मारणारा नाही. गरगरणं म्हणजे आतल्या कानाच्या हाडाला खिंडार पडलंय, चूळ सांडणं म्हणजे नस धरलीय.

वासाची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. कानाच्या ओपीडीत अनुभवी डॉक्टर कान पाहायचा ऑटोस्कोप घालण्याआधीच वासावरून अर्धं निदान करतो. कुजकट वास आला की हात आपोआप मायक्रोस्कोपकडे जातो. एन-95 ने ते नाक काढून घेतलं. जो मास्क विषाणू अडवतो तो वासाचे कण सगळेच अडवतो असं नाही, पण एवढा घट्ट बसल्यावर कानाच्या पुवाचा मंद वास कुणाला लागणार? ओपीडीत सक्शनने कान साफ करणंही थांबलं, कारण त्यानेही फवारा उडतो आणि पेशंट खोकतो. जॉब्सन हॉर्न प्रोब नावाच्या बारीक सळीच्या टोकाला कापूस पिळून कान टिपायचा, ही आजोबांच्या काळची पद्धत परत आली. वेळ लागतो, शिवाय कोपऱ्यातली पापुद्रे धरलेली घाण कापसाने निघत नाही, आणि नेमकी तिच्याच खाली कोलेस्टिआटोमाचं तोंड असतं.

मास्कने ऐकणाऱ्यांचंही बरंच हिरावलं. सोलापूरचा पूर्व भाग म्हणजे यंत्रमागांचा भाग. चादर, टॉवेल, आणि दिवसभर खडखडाट. वीस-पंचवीस वर्षं मागावर काढलेल्या कामगाराच्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या आलेखात 4000 हर्ट्झला खड्डा असतो. स्वर ऐकू येतात, स, श, च, त गळतात. हा माणूस ओठ पाहून उरलेलं भरून काढतो. मागाच्या आवाजात त्याला ती सवय लागलेलीच असते. साधा सर्जिकल मास्क आवाजाचे 3-4 डेसिबल खातो, एन-95 जवळपास 12, आणि खातो तेही 2000 ते 7000 हर्ट्झमधले, म्हणजे त्याच्या खड्ड्यातलेच. वर ओठ झाकलेले. इथे कानाला मराठीत कान, तेलुगूत चेवी आणि कन्नडात किवी. डॉक्टर तिन्ही भाषांत विचारतो, पण चेवी आणि किवीत फरक काय तो सुरुवातीचा. च गळाला की दोन्ही भाषा सारख्याच. ज्यांना आपण कमी ऐकतो हे ठाऊकच नव्हतं, असे कितीतरी जण या काळात ‘मास्कमुळे कळत नाही’ म्हणत तपासायला आले. मास्क निमित्त झाला. श्रवणयंत्रवाल्यांचं दुःख आणखी साधं: मास्कची दोरी काढताना कानामागचं यंत्र निघून पडायचं, बाजारात, बसमध्ये, आणि घरी गेल्यावर लक्षात यायचं.

तपासणीची खोलीही अडली. ऑडिओमेट्रीची खोली आवाज आत येऊ नये म्हणून हवाबंद असते, गालिचा चिकटवलेली. साथीत माणूस बसवायला याहून वाईट जागा नाही. एका पेशंटनंतर दार उघडं टाकून वाट पाहायची, हेडफोनच्या गाद्या पुसायच्या. नवजात बाळांच्या तपासणीचं गणित 1-3-6 असं आहे: महिन्यात चाळणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार. 2020 मध्ये जन्मलेल्या ठार बहिऱ्या मुलांचं हे वेळापत्रक कोलमडलं. कॉक्लिअर इम्प्लांट हे आतल्या कानात बसवायचं यंत्र उशिरा बसवता येतं, पण मेंदूचा ऐकायला शिकण्याचा काळ पुढे ढकलता येत नाही. सरकारी योजनेतही वयाची मर्यादा आहेच. मेंदुज्वराने बहिरं झालेल्या मुलात तर कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानाच्या शंखात हाड भरत जातं, काही महिन्यांनी इलेक्ट्रोड सरकवायला वाटच राहत नाही.

2021 चा मे कानाच्या सर्जनने कानापासून लांबच काढला. म्युकर आला. मधुमेह, स्टेरॉइड, काळी बुरशी, नाकातून डोळ्याकडे. त्या महिन्यात केंद्राने राज्यांना तो नोंदणीयोग्य आजार करायला सांगितलं. लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन किलोला 5 मिलिग्रॅम, 60 किलोच्या माणसाला दिवसाला 50 मिलिग्रॅमच्या सहा कुप्या, आणि त्या फक्त डेक्स्ट्रोजमध्ये मिसळायच्या, सलाइनमध्ये औषध फाटतं. कुप्या मिळत नव्हत्या. मायक्रोस्कोपवर हात बसलेली माणसं दिवसेंदिवस सायनसमधलं मेलेलं हाड काढत होती. त्यावर वेगळंच लिहायला हवं.

कान-नाक-घशात एमएस करणारे विद्यार्थी या साथीच्या काळात कोविड वॉर्डात होते. मॅस्टॉइड पुस्तकातून शिकता येत नाही. आधी प्रयोगशाळेत मृतदेहाचं टेंपोरल बोन, म्हणजे कानाभोवतीचं हाड कोरायचं, नस ओळखायची, चुकून कापायची, आणि मग जिवंत माणसाकडे यायचं. साथीत देहदान थांबलं तेव्हा नवी हाडंही आली नाहीत. काहींनी आधीचीच हाडं पुन्हापुन्हा कोरली, पोखरून चाळण झालेली. हातात बर धरायची सवय सुटली की पहिल्यांदा काय जातं? दाब. वेग यंत्राचा असतो, दाब आपला.

जानेवारी 2021 मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसी सुरू झाल्या आणि पुढे हळूहळू कानाच्या याद्या पुन्हा उघडल्या. याद्यांत नवे पेशंट होते तसे जुनेही. कोलेस्टिआटोमा काढून कानाची मागची भिंत शाबूत ठेवली असेल तर नऊ ते बारा महिन्यांनी पुन्हा उघडून पाहावं लागतं, मागे एखादा मोत्याएवढा दाणा राहिलाय का ते. 2019 च्या दिवाळीत ऑपरेशन झालेल्यांची ही दुसरी पाहणी नेमकी 2020 च्या पावसाळ्यात येत होती. ती दीड-दोन वर्षं पुढे गेली. मोती वाटाणा झालेला असतो. ज्यांची भिंत काढून मोठी पोकळी केलेली, त्यांना सहा महिन्यांनी एकदा साफ करून घ्यायला यायचं असतं. ते आले ते ओल्या वर्तमानपत्रासारख्या काळ्या-पांढऱ्या बुरशीने गच्च भरलेली पोकळी घेऊन. खाली कातडी लाल, सुजलेली. पहिल्या खेपेला सगळं निघत नाही. थोडं सक्शन, थोडे बुरशीचे थेंब, आणि आठवड्याने परत या.